ट्रेलरचे दणके आणि हुकावरचं वजन

कुडाळहून ओरोसकडे जाताना हायवेवर सिमेंटच्या लाद्यांचे जोड लागतात. एकट्या बोलेरोला ते जेमतेम कळतात. मागे आमचा राहायचा ट्रेलर जोडला की तेच जोड थेट कंबरेत उतरायचे. आधी गाडीची मागची बाजू उचलली जायची, मग मागून कोणी ढकलल्यासारखा धक्का, लगेच मागे ओढल्यासारखा हिसका, आणि हे सगळं शमायच्या आत पुढचा जोड हजर. गाडी मी चालवते, त्यामुळे हातात स्टिअरिंग असल्याने माझं निभायचं. मधल्या सीटवर सासूबाई असायच्या. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, आणि हा ट्रेलर आम्ही मुळात त्यांच्यासाठीच घेतलेला.

त्यांना देवगडपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने देवदर्शन करायचं होतं. कुणकेश्वर, आचऱ्याचा रामेश्वर, वेंगुर्ल्याची सातेरी आणि शेवटी १९७६ साली खाणीच्या भागात सापडलेला रेडीचा गणपती. लॉजचे जिने त्यांना चढवत नाहीत, मऊ गाद्यांवर झोप लागत नाही, आणि रात्री बाथरूमला जाताना धरायला काही नसलं की त्या पाणीच प्यायच्या बंद होतात. स्वतःची फळी असलेला पलंग आणि दोन पावलांवर संडास बरोबर असला तर त्या आनंदाने कुठेही येतात. म्हणून पुण्याकडून एक जुना ट्रेलर घेतला. एका एक्सलचा, दोन चाकांचा, आत दोन पलंग, ओटा, छोटा संडास. थांबल्यावर त्यात काहीच कमी नव्हतं. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, त्यामुळे प्रवासभर सासूबाई गाडीत, आणि ट्रेलरचा प्रत्येक धक्का हुकातून त्यांच्या पाठीपर्यंत.

२०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या विषयावर आपल्याकडे बोललं जायला लागलं. पण बोलणं बहुतेक सोयींचं असतं: एसी आहे का, टीव्ही आहे का, आत किती जण झोपतात. ओढताना ही वस्तू कशी वागते आणि ओढणाऱ्या गाडीतल्या माणसाला काय सोसावं लागतं, यावर मराठीत मला फारसं वाचायला मिळालं नाही. आम्हाला जे करत करत कळलं ते म्हणून सविस्तर लिहिते.

ज्याला विचारलं तो बोलेरोकडेच बोट दाखवायचा. मागच्या कमानपाट्यात (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक पान जादा घाला, शॉकअप बदला, सीटला जाड फोम टाका. मला ते पटत नव्हतं. ट्रेलर सोडला की हीच गाडी त्याच रस्त्यावर निमूट चालते, मग दोष गाडीत कसा असेल? म्हणून एक दिवस फोन ट्रेलरच्या आत कपाटाच्या मुठीला ओढणीने घट्ट बांधला, व्हिडिओ चालू केला आणि कुडाळ ते कसाल असं जाऊन आले.

तो व्हिडिओ बघून घरात सगळे गप्प झाले. ओट्यावर खिळ्याला अडकवलेली पळी नुसती हलत नव्हती, खिळ्यावरून उचलली जाऊन परत पडत होती. मागच्या पलंगाखाली पाण्याची टाकी होती, तिच्यावरची फळी प्रत्येक जोडाला वर येऊन आपटत होती. पुढच्या दाराजवळची चटई मात्र जवळपास जागेवर. म्हणजे मागचं टोक उडत होतं, आणि एकदा उडालं की तीन-चार हेलकावे खाल्ल्याशिवाय थांबत नव्हतं. आणखी एक गोष्ट कानाला कळली. चाकांचा आवाज ‘धप्प’ असा जड होता. त्याच्या मागोमाग, अगदी वेगळा, लोखंडावर लोखंड आपटल्याचा ‘ठक्’ पुढून, हुकाच्या बाजूने यायचा. पाठीत बसायचा तो हिसका या ‘ठक्’बरोबरचा होता.

इथून पुढे एक पथ्य पाळलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तोच कुडाळ–कसाल रस्ता, तेवढाच वेग, तसाच व्हिडिओ. चार गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर कशाने काय झालं हे कधीच कळलं नसतं.

सगळ्यात आधी वजन. ट्रेलर एकटा नेऊन चिऱ्यांचे ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर उभा केला. सामान, पाणी, सिलिंडर, भांडीकुंडी धरून ८६० किलो भरला. हा आकडा लागतोच, पण खरा प्रश्न असतो तो हुकावर किती वजन पडतं याचा. ट्रेलरचं जवळपास सगळं वजन त्याच्या चाकांवर असतं, थोडा भाग पुढच्या दांड्यातून गाडीच्या हुकावर येतो. हा भाग फार कमी असेल तर ट्रेलर मागच्या बाजूला झुकायला बघतो, खड्ड्यात मागचं टोक खाली गेलं की दांडा वर उठतो आणि हुकाला वर ओढतो. वेग वाढला की तो शेपटीसारखा डावीउजवीकडे हलायलाही लागतो, आणि ते दणक्यांपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. हुकावरचं वजन फार जास्त झालं तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगची पकड जाते. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हुकावर असावं असं धरतात. युरोपात ट्रेलर हलके, गाड्याही लहान, तिथे सातेक टक्के पुरेसे समजतात, आणि हुकाला किती झेपतं ते त्याच्या पट्टीवर कोरलेलं असतं. आमच्या हुकावर १०० किलो लिहिलंय. टक्केवारी काहीही निघो, ती मर्यादा ओलांडायची नाही.

हे वजन मोठ्या काट्यावर मोजून उपयोग नाही, तिथे पाच-दहा किलोंचा फरक दिसतच नाही. आमच्या शेजारी काजू बी खरेदी करणारे काका आहेत, त्यांचा पोती तोलायचा काटा वापरला. सपाट अंगणात ट्रेलर उभा केला, चाकांना दोन्ही बाजूंनी चिरे लावले, काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि त्यावर दांड्याचं तोंड टेकवलं. ठोकळ्याची उंची गाडीच्या हुकाइतकीच हवी, नाहीतर आकडा चुकीचा येतो. पुढचं छोटं चाक वर घेतल्यावर काट्याने दाखवलं ३८ किलो. ८६० च्या मानाने साडेचार टक्केसुद्धा नाही. काकांनी परत शून्य करून तोलून दिलं. पुन्हा ३८.

कारण ट्रेलर उघडल्यावर समोरच होतं. पाण्याची ८० लिटरची टाकी मागच्या पलंगाखाली, म्हणजे भरली की ८० किलो एक्सलच्या मागे. स्टेपनी मागच्या भिंतीवर. बॅटऱ्या मागच्या कोपऱ्यात. ज्याने कोणी आतली मांडणी केली त्याने जागा सापडेल तिथे वस्तू बसवल्या होत्या, तराजूचा विचार केलेला दिसला नाही. टाकीत पाणी अर्धं असलं की ते पुढेमागे डचमळून आणखी हेलकावे घालतं.

टाकी काढून एक्सलच्या थोडी पुढे, मधल्या बाकाखाली बसवली. हे काम सुताराचं आणि प्लंबरचं मिळून होतं आणि त्यात वेळ गेला, पण यासारखा फायदा दुसऱ्या कशाने झाला नाही. बॅटऱ्या एक्सलच्या अगदी वर आणल्या. स्टेपनी पुढे दांड्यावर. सगळंच पुढे ढकलायचा मोह होतो, तो टाळायचा. जड वस्तू दोन्ही टोकांना असल्या तर हुकावरचा आकडा बरोबर दिसेल, पण ट्रेलर एकदा डोलायला लागला की लवकर थांबणार नाही. जड सामान मध्ये आणि खाली, एवढं पुरे. नंतर काट्यावर ८३ किलो आले, साडेनऊ टक्क्यांच्या थोडं वर आणि हुकाच्या मर्यादेच्या आत.

पुढच्या फेरीत पळी खिळ्यावर राहिली. सासूबाईंना मी काही सांगितलं नव्हतं. ओरोसच्या पुढे गेल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, “आज मागसून कोणी ढकलणा नाय गो.” ढकलणं खरंच कमी झालं होतं, पण ‘ठक्’ होताच.

त्याआधी एक छोटं काम. बोलेरोचा हुक उंच आहे, त्यामुळे ट्रेलरचं नाक वर आणि बूड खाली असं जोडलं जायचं. टेपने चेसिसची जमिनीपासूनची उंची पुढे आणि मागे मोजली तर फरक सहज दिसला. हुकाची प्लेट खाली घेऊन ट्रेलर सपाट, किंवा नाकाकडे किंचित झुकलेला, असा केला. अर्ध्या दिवसाचं काम.

मग हुकाचा गोळा, ज्यावर ट्रेलरच्या दांड्याचं तोंड, म्हणजे कपलिंग, बसतं. आपल्याकडे मिळणारे गोळे बहुतेक ५० मिलिमीटरचे. दोन इंची मापाची कपलिंगं असतात ती ५०.८ मिलिमीटरची, आणि ५० चा गोळा त्या कपलिंगमध्ये बसतो असं दिसलं तरी मध्ये मोकळीक राहते. आमच्याकडे दोन्ही ५० चेच होते, पण लेथवाल्याने व्हर्निअर लावला तेव्हा पुढून-मागून माप ४८.७ आणि आडवं ४९.५ निघालं. वर्षानुवर्षं पुढेमागे घासून गोळा अंडाकृती झाला होता. ४९ च्या खाली गेलेला गोळा बदलायचाच असतो, हे मला त्या शोधात कळलं. खाऱ्या हवेत गंज धरतो, गंजाची भुकटी आत खरकाटत राहते आणि झीज वाढते. नवा गोळा बसवला, कपलिंगची आतली बाजू घासून साफ केली. ‘ठक्’ निम्म्याने गेला.

उरलेला निम्मा उतारावर सापडला. ब्रेक दाबला की ट्रेलर पुढे सरकून एकदम आदळायचा, ब्रेक सोडला की तसाच झटक्याने मागे जायचा. आमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत आणि ते ढकलल्याने लागतात: गाडी हळू झाली की ट्रेलरचा दांडा नळीत आत सरकतो, त्या दाबाने ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक ओढले जातात. हे सरकणं संथ व्हावं म्हणून नळीत एक शॉकअप असतो. तो गेला असेल तर दांडा नळीत मोकळाच पुढेमागे आपटतो. तपासायला अवघड नाही. ट्रेलरचा हँडब्रेक ओढायचा, गाडी किंचित रिव्हर्स घेऊन किंवा दोघांनी मिळून दांडा आत दाबायचा. तो जोर घेऊन आत जायला हवा आणि सोडल्यावर सावकाश परत बाहेर यायला हवा. आमचा सहज आत गेला आणि तिथेच राहिला. रबराच्या घडीखाली तेलाचा ओघळ होता. तो सुटा भाग सिंधुदुर्गात कुठे मिळाला नाही, पुण्याहून मागवावा लागला, आणि तोपर्यंत ट्रेलर अंगणातच ठेवला. ब्रेकशी संबंधित गोष्ट अर्धवट ठेवून सासूबाईंना घेऊन निघायची माझी तयारी नव्हती.

नवा शॉकअप बसल्यावर पुढूनचा हिसका संपला. आता राहिले फक्त उभे दणके, आणि ते कमी नव्हते.

कुडाळच्या एमआयडीसीच्या बाजूला कमानपाट्यांचं काम करणारा एक फिटर आहे. त्याने ट्रेलर पाहिला, काही न बोलता मागच्या पायरीवर चढला आणि तिथे उभं राहून जोरजोरात खाली दाबायला लागला. मला वाकून बघायला सांगितलं. चाकाशेजारी खडूने त्याने आधी एक रेघ मारली होती. ट्रेलर हलत होता, पण पाटा त्या रेघेपासून हलतच नव्हता. दबत होता तो टायर.

“ताई, हे पाटे टेम्पोचे. तुमचा वजन त्येंका कळणा पण नाय. वाकूचे नाय, मगे उडतलेच.”

हिशेब साधा होता. एकूण ८६०, त्यातले ८३ हुकावर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर मिळून पावणेआठशेच्या आसपास, त्यातून चाकं आणि एक्सलचं वजन वजा जातं. पाटे होते प्रत्येकी सात पानांचे, याच्या दुपटीहून जास्त माल वाहायला केलेले. बनवणाऱ्याने भक्कम म्हणून घातले असतील. पण गरजेपेक्षा कडक पाटा म्हणजे जवळजवळ पाटा नसल्यासारखंच, सगळा धक्का टायर आणि चेसिसच खातात.

पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट खोलले तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. पानांच्या मध्ये लाल गंज पापुद्र्यांनी साठला होता, इतका की दोन पानं हातोडी मारल्याशिवाय सुटी झाली नाहीत. पाट्याची पानं एकमेकांवर सरकली तर पाटा वाकतो. ती गंजाने चिकटली की सात पानांचं एकच जाड लोखंड होतं. किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या कुठल्याही गाडीला हे होतं, पण रोज चालणाऱ्या गाडीची पानं घासून मोकळी राहतात. ट्रेलर पावसाळाभर एका जागी उभा, त्यामुळे त्याचं जास्त होतं.

फिटरने खालची दोन पानं काढली. मुख्य पान आणि त्याच्या पाठचं, ज्यांच्यावर भार आणि सुरक्षितता दोन्ही असतात, त्यांना हात लावला नाही. उरलेली पानं तारेच्या ब्रशने घासली, ग्राफाइट ग्रीस लावलं, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे घातले. टोकाच्या डोळ्यांमधले बुश काढले तर ते एका बाजूने पूर्ण खाल्ले गेले होते, तेही बदलले. मग पुन्हा पायरीवर उभा राहिला, आणि या वेळी रेघ हलली. चाक आणि मडगार्ड यांच्यात पूर्ण भारातही जागा उरते का, ते सामान भरून पाहिलं. हे मुद्दाम लिहिते: पान काढलं की पाट्याची क्षमता कमी होते. स्वतःचं नेमकं वजन माहीत असल्याशिवाय आणि पाट्यांचं काम करणाऱ्या माणसाशिवाय हे करू नये. ज्याचा ट्रेलर पूर्ण भारात चालतो त्याने तर नाहीच.

यानंतरच्या व्हिडिओने मला थोडं कोड्यात टाकलं. दणका मऊ झाला होता, पळीचा आवाजही येत नव्हता, पण ट्रेलर जास्त वेळ डोलत होता. फिटरने कारण लगेच सांगितलं. पाट्याची पानं एकमेकांवर घासतात त्या घर्षणाने हेलकावा मरतो. आपण गंज काढून ग्रीस लावलं, पानं कमी केली, म्हणजे ते घर्षणही कमी झालं. आता हेलकावा मारायला दुसरं काही तरी हवं. ट्रेलरला शॉकअप मुळातच नव्हते. बऱ्याच ट्रेलरना नसतात, पाट्यांवर भागतं म्हणून कोणी घालत नाही. एक्सलच्या नळीवर वेल्डिंग करायला त्याने नकार दिला, तिथली ताकद जाते म्हणाला. त्याऐवजी यू-बोल्टच्या खालच्या प्लेटलाच कान काढून घेतले, वर चेसिसला ब्रॅकेट बोल्टने कसले, आणि छोट्या टेम्पोचे मागचे शॉकअप दोन्ही बाजूंना किंचित आत झुकवून बसवले. झटका बसल्यावर पूर्ण खाली गेलं तरी शॉकअप तळाला लागत नाही आणि वर उचललं तरी ताणत नाही, हे जॅक लावून दोनदा पाहिलं. थोडं चालवून झाल्यावर सगळे यू-बोल्ट परत कसायला बोलावलं. ही दुसरी कसणी लोक विसरतात, आणि नव्या पाट्यांची पानं बसली की बोल्ट सैल होतातच.

शॉकअप लागल्यावर ट्रेलर जोडावरून गेला की एकदा दबायचा, एकदा वर यायचा आणि स्थिर.

टायरचं काम सगळ्यात स्वस्त, आणि ते शेवटी राहिलं कारण वजन कळल्याशिवाय ते करताच येत नाही. ट्रेलरच्या टायरमध्ये ६० हवा होती. टायरच्या कडेला छापलेला आकडा हा जास्तीत जास्त भाराला लागणाऱ्या हवेचा असतो. आपला भार त्याहून बराच कमी असेल तर टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यात त्या भाराला किती हवा, ते पाहायचं. आमच्या टायरला आमच्या वजनाला ४५ पुरे होती, तीही थोडी शिल्लक ठेवून. तक्त्याच्या खाली मात्र जायचं नाही. हवा कमी असलेला टायर कडेला वाकून तापतो आणि उन्हात फुटतो. कसालला पोचल्यावर थांबून टायरच्या कडेला तळहात लावायचा: कोमट चालेल, हात ठेववला नाही तर हवा कमी आहे किंवा भार जास्त. हवा सकाळी टायर थंड असताना मोजायची. बोलेरोच्या मागच्या चाकांत मात्र हुकावरच्या वजनासाठी थोडी जास्त भरली.

एवढं सगळं करूनही हायवेवर एका ठरावीक वेगाला ट्रेलर तालात डोलायचाच. एका रविवारी साइड रोडवर गाडी लावून नवऱ्याने आणि मी सिमेंटचे जोड टेपने मोजले. साडेचार मीटर. आपल्याकडच्या सिमेंटच्या रस्त्यांना हे अंतर नेहमीचं आहे. मग बोलेरोच्या मागच्या चाकापासून ट्रेलरच्या चाकापर्यंत मोजलं. सव्वाचार मीटर. म्हणजे गाडीचं मागचं चाक एका जोडावर आणि ट्रेलरचं चाक मागच्या जोडावर जवळपास एकाच क्षणी. ताशी ४० ला असे जोड सेकंदाला अडीच येतात, ६० ला पावणेचारच्या आसपास. आमच्या जोडीला सेकंदाला अडीचचा ताल मानवत नाही. ४० ते ४५ मध्ये सगळ्यात वाईट, ५५ ला बरंच शांत. हा दोष कुठल्याच फिटरला काढता येणार नाही, वजन आणि लांबी यांचा तो मेळ आहे, आणि प्रत्येक ट्रेलरचा वेग वेगळा निघेल. आता मी त्या पट्ट्यातून पटकन बाहेर पडते आणि ५५ धरून ठेवते. ६० च्या वर जात नाही.

किनाऱ्याच्या रस्त्यावर जोड नाहीत, पण गतिरोधक आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ ने त्यावरून आरामात जाता यावं म्हणून. गावातले बहुतेक अरुंद आणि उभे असतात. ट्रेलरसकट त्यावर तीन धक्के बसतात: पुढचं चाक, मागचं चाक, आणि सगळे विसरलेले असताना ट्रेलरचं. तिसरा वाईट. ब्रेक गतिरोधकाच्या आधीच मारून पाय काढून घ्यायचा. वर चढताना ब्रेक दाबलेला असेल तर गाडीचं नाक खाली, ट्रेलर मागून ढकलणार, आणि त्याचे ब्रेकही त्याच वेळी लागणार. पहिल्या गिअरमध्ये सोडून दिलं की तिन्ही धक्के सुटे सुटे आणि हलके बसतात. आरशात ट्रेलरचं चाक उतरलेलं दिसेपर्यंत वेग वाढवायचा नाही.

आचऱ्याहून मालवणकडे येताना आणखी एक गोष्ट जपावी लागते. समोरून एसटी आली की आपण सवयीने डावीकडे घेतो. बोलेरोची चाकं डांबरावर राहतात, पण ट्रेलरचं डावं चाक जरा बाहेर असतं, ते डांबराच्या कडेवरून साइडपट्टीच्या लाल मातीत उतरतं. पावसानंतर ती कड चांगली वीतभर खोल असते. तिरका दणका बसतो आणि मणक्याला तोच जास्त लागतो. मी रुंद जागा बघून आधीच थांबते. एसटीचे ड्रायव्हर हात करून जातात, कोणी हॉर्न मारत नाही.

कुणकेश्वरपासून रेडीपर्यंत आम्ही सावकाश गेलो. तारकर्लीला मुक्काम केला. तिथून निघताना पाटे, बुश आणि हुकाचा गोळा गोड्या पाण्याने धुऊन घेतले, हे आता प्रत्येक किनाऱ्यावर करतो. समुद्राकाठी वाळूत चाकं घातलीच नाहीत. शिरोड्याच्या पुढे रस्ता अरुंद झाला तेव्हा सासूबाई झोपल्या होत्या. चालत्या गाडीत त्यांना झोप लागलेली मी ऑपरेशननंतर पहिल्यांदा पाहिली, आणि रेडीला पोचेपर्यंत उठवलं नाही.

परत आल्यावर पुन्हा काजूच्या काट्यावर वजन घेतलं. हुकावर ८३ चे ७१ झाले होते, कारण येताना सासूबाईंनी नारळ आणि कोकमाची आगळ मागच्या पलंगाखाली भरून घेतली. ती पुढे आणली. आता प्रवासाला निघताना आणि परत निघताना असं दोन्ही वेळा तोलायचं ठरलंय. उजव्या बाजूचा एक बुश किंचित वाजायला लागला आहे, फोनवर फिटरला आवाज ऐकवला. तो म्हणाला, “चवथ झाली काय मगे बघूया.” तोपर्यंत ट्रेलर शेडमध्ये उभा आहे, पाट्यांवरचा भार कमी व्हावा म्हणून चेसिसखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावून.